साथ ओसरल्यावरही ही माणसं लागतात

प्रति,
विद्यापीठांचे कुलगुरू, विज्ञान आणि वैद्यक शाखांचे अधिष्ठाता, तसेच विषाणू संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थांचे पदाधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

मी तंत्रज्ञ होते. विद्यापीठातल्या एका श्वसनविषाणू प्रयोगशाळेत पेशी वाढवणं, विषाणू वाढवणं, तो मोजणं आणि नव्या मुलांना हे सगळं शिकवणं यात माझी नोकरीची वर्षं गेली. आता निवृत्त आहे, तेव्हा स्वतःसाठी मागण्यासारखं काही उरलेलं नाही. मागायचं आहे ते मागे राहिलेल्यांसाठी. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलामुलींचे फोन येतात आणि बहुतेकांचं सांगणं एकच असतं: ग्रँट संपलं, करार वाढला नाही, दुसरीकडे काम बघतोय. कुणी औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात गेलं, कुणी विज्ञानच सोडलं. त्यांच्या पोटापाण्याची काळजी वाटतेच. पण त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेतून काय निघून गेलं, याची काळजी मला जास्त वाटते, आणि ती आपल्यालाही वाटावी म्हणून हे पत्र.

माझी मागणी आधीच सांगून टाकते. श्वसनविषाणूंच्या प्रयोगशाळेतले कुशल तंत्रज्ञ, लॅब मॅनेजर, जैवसुरक्षा सांभाळणारे कर्मचारी आणि अनुभवी संशोधक यांचा एक गट विद्यापीठाने स्वतःच्या आस्थापनेवर कायम ठेवावा. साथ चालू असो वा नसो. त्यांचा पगार एखाद्या प्रकल्पाच्या मुदतीला बांधलेला नसावा.

हे का मागते आहे ते समजण्यासाठी या लोकांचं काम जरा जवळून बघावं लागेल.

विषाणू मोजण्याची एक पद्धत आहे, ‘प्लाक ॲसे’ नावाची. रेनातो दुल्बेको यांनी १९५२ साली ती प्राण्यांच्या विषाणूंसाठी बसवली आणि आजही जगभर तीच वापरतात. प्लेटच्या खळग्यांत पेशींचा एकसलग थर वाढवायचा, विषाणूचं द्रावण दहा-दहा पटींनी पातळ करत त्यावर सोडायचं, वर ॲगारोजचा, म्हणजे गार झाल्यावर घट्ट होणाऱ्या जेलीसारख्या पदार्थाचा थर ओतायचा, काही दिवसांनी पेशी जांभळ्या रंगवायच्या आणि जिथे पेशी मेल्या तिथली कोरी भोकं, म्हणजेच प्लाक, मोजायची. लिहून काढलं तर अर्ध्या पानाचं काम. पण ॲगारोज जरा गरम असताना ओतलं तर पेशी भाजून निघतात, जरा गार झालं तर गुठळ्या धरतात. ओतायची वेळ कोणती, हे बाटली हातात धरूनच कळायला लागतं. इन्फ्लुएंझाचा, म्हणजे फ्लूचा विषाणू एमडीसीके या कुत्र्याच्या मूत्रपिंडापासूनच्या पेशींत वाढवताना ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं विकर घालावं लागतं. ते विषाणूच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन कापतं, आणि ते कापलं गेल्याशिवाय विषाणू पुढच्या पेशीत शिरू शकत नाही. मात्र पेशींवर आधीच्या माध्यमातलं (पेशी वाढवायच्या पोषक द्रावणातलं) सीरम, म्हणजे रक्तातला द्रव भाग, थोडं जरी राहिलं असेल, तर ते ट्रिप्सिनलाच निकामी करतं. नवा विद्यार्थी पेशी धुण्यात घाई करतो, विषाणू वाढत नाही, आणि तो आठवडाभर विषाणूचा नमुनाच खराब आहे असं समजून चालतो. शेजारच्या बाकावर अनुभवी माणूस असेल तर पहिल्याच दिवशी विचारतो, ‘किती वेळा धुतल्यास?’

आरएसव्ही, म्हणजे लहान मुलांच्या फुप्फुसांना छळणारा तो विषाणू, याहून नाजूक. एकदा गोठवून वितळवला तरी त्याची ताकद घटते. तो साखरेच्या द्रावणात घालून झटक्यात गोठवावा लागतो, आणि कुपी एकदा उघडली की उरलेलं परत ठेवून चालत नाही. अशा कुप्या कुणी, कधी, कुठल्या पेशींत, कितव्या पॅसेजला (नव्या पेशींत कितव्यांदा वाढवताना) बनवल्या, हे वहीत असतं. पण त्यांतली कुठली खेप भरवशाची आणि कुठली नाही, हे बऱ्याचदा एकाच माणसाच्या डोक्यात असतं. असं असू नये, सगळं लिहिलेलं असावं, हे मलाही मान्य आहे. तरी चांगल्यात चांगल्या वह्या ठेवणाऱ्या प्रयोगशाळेतही काही भाग लिहिण्यापलीकडे उरतोच. पेशी ‘बऱ्या दिसत नाहीत’ असं सूक्ष्मदर्शकातून बघून म्हणणारी व्यक्ती नेमकं काय बघते, ते तिला स्वतःलाही पुरतं सांगता येत नाही. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूचा संसर्ग झाला तर माध्यम गढूळही होत नाही. पेशी फक्त जरा मंद वाढतात. ते मंदपण ओळखणारा डोळा तयार व्हायला वर्षं जातात.

आता माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशी घ्या. जाळीदार तळाच्या छोट्या कपात त्या वाढवतात आणि नंतर वरचं माध्यम काढून घेतात, म्हणजे खालून पोषण आणि वरून हवा, जशी ती आपल्या छातीत असते. तीन-चार आठवडे असं सांभाळलं की त्यांच्यात फरक पडायला लागतो. काही पेशी श्लेष्मा बनवतात, काहींना केसासारखे पक्ष्म फुटतात आणि ते एका लयीत हलू लागतात. सर्दीचा, फ्लूचा, कोरोनाचा विषाणू खऱ्या शरीरात काय करत असेल, याचा अंदाज साध्या पेशींपेक्षा इथे फार चांगला येतो. पण या आठवड्यांत कुणीतरी दर दोन दिवसांनी माध्यम बदलायला, साचलेला श्लेष्मा धुवायला हजर असतं. पेशींना सुट्टीचा वार कळत नाही. रविवारी, सणाला, घरी पाहुणे असताना जी व्यक्ती तासाभरासाठी प्रयोगशाळेत येऊन जाते, तिचं नाव शोधनिबंधाच्या शेवटी आभारात येतं. कधी तेही येत नाही.

बीएसएल-३, म्हणजे धोकादायक जंतूंसाठीच्या तिसऱ्या पातळीच्या जैवसुरक्षा दालनातलं काम तर मी कधी बाहेरच्या माणसाला नीट समजावून सांगू शकले नाही. आत हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणजे दार उघडलं तरी हवा आतच ओढली जाते. बाहेर जाणारी हवा हेपा या अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीतून जाते. दोन हातमोजे, अंगभर गाऊन, तोंडावर हवा खेळवणारं यंत्र लावलेलं शिरस्त्राण. एकदा आत गेलं की पाणी नाही, फोन नाही, नाक खाजवायचं नाही. वही बाहेर आणता येत नाही. कचऱ्याची प्रत्येक पिशवी ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून गेल्याशिवाय हलत नाही. बरोबर कायम दुसरी व्यक्ती असते, आणि दोघींनी एकमेकींच्या हातांकडे लक्ष ठेवायचं असतं. असं काही तास काम करून बाहेर आलं की अंग मोडून गेलेलं असतं. हे काम करण्याची परवानगी मिळायला महिने लागतात आणि ती टिकवायला सराव लागतो. सराव सुटलेला माणूस आत पाठवणं धोक्याचं असतं. म्हणून साथ आल्यावर जाहिरात काढून अशी माणसं मिळत नाहीत.

आपल्यापैकी अनेकांना वाटत असेल की शोध लावतात ते शास्त्रज्ञ, बाकीचे मदतनीस. जून अल्मेडा यांची गोष्ट म्हणूनच सांगावीशी वाटते. १९३० साली ग्लासगोत एका बसचालकाच्या घरी त्या जन्मल्या. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, कारण विद्यापीठाचा खर्च घरच्यांना झेपणारा नव्हता. ग्लासगो रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात त्या ऊती तपासण्याच्या विभागात तंत्रज्ञ म्हणून लागल्या. पुढे कॅनडात, टोरांटोच्या ऑन्टारियो कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये, त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करू लागल्या आणि प्रतिपिंडांच्या मदतीने विषाणू एकत्र आणून ते नेमके टिपण्याचं तंत्र त्यांनी विकसित केलं. १९६४ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना बोलावून घेतलं. त्या काळात इंग्लंडमधल्या सॅलिसबरीजवळच्या, सर्दीवर संशोधन करणाऱ्या कॉमन कोल्ड युनिटमध्ये डेव्हिड टिरेल आणि त्यांचे सहकारी एका हट्टी नमुन्याशी झगडत होते. बी८१४ हे त्याचं नाव. नेहमीच्या पेशींत तो वाढेना. श्वासनलिकेच्या ऊतीचे तुकडे जिवंत ठेवून त्यांत तो कसाबसा वाढवला गेला, आणि स्वयंसेवकांच्या नाकात घातल्यावर त्यांना सर्दीही झाली. पण आहे तरी काय, ते दिसत नव्हतं. नमुना अल्मेडांकडे गेला. त्यांना कडेला मुकुटासारखे उंचवटे असलेले कण दिसले, आणि असेच कण आपण पूर्वी दुसऱ्या नमुन्यांत पाहिले आहेत, हेही त्यांनी ओळखलं. ते जुने फोटो एका नियतकालिकाने नाकारले होते. इन्फ्लुएंझाचीच खराब आलेली चित्रं आहेत, असं परीक्षकांचं मत पडलं होतं. १९६८ साली या गटाला कोरोनाविषाणू हे नाव मिळालं.

या गोष्टीत मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की अल्मेडांचं कौशल्य कुठल्याही एका प्रकल्पाचं नव्हतं. कर्करोगाच्या संस्थेत शिकलेली नजर सर्दीच्या विषाणूवर कामी आली. दोन प्रकल्पांच्या मध्ये कुणी त्यांना ‘आता तुमची गरज नाही’ असं सांगितलं असतं, तर ते कण पुढे कुणीतरी ओळखले असतेच, पण कधी, कोण जाणे. डॉक्टरेटही त्यांना मिळाली ती बरीच नंतर, प्रसिद्ध केलेल्या कामाच्या आधारे. आजच्या आपल्या भरती नियमांत शाळा सोडलेल्या त्या मुलीचा अर्ज पहिल्या चाळणीतच गळला असता. हे नियम बदलणं आपल्या हातात आहे.

फ्रीझर सांभाळणाऱ्या माणसाबद्दलही मला दोन शब्द लिहायचे आहेत, कारण त्यांच्याविषयी कुणीच लिहीत नाही. २००१ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मानवी मेटान्यूमोव्हायरस हा नवा विषाणू जाहीर केला. तो सापडला २८ लहान मुलांच्या नमुन्यांत, आणि ते नमुने वीस वर्षांच्या काळात गोळा झालेले होते. मुलं खोकत होती, धापा टाकत होती, माहितीतला कुठलाच विषाणू सापडत नव्हता, तरी कुणीतरी ते नमुने फेकले नाहीत. पुढे १९५८ सालचं साठवलेलं सीरम तपासलं तेव्हा त्यातही या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं निघाली. म्हणजे ‘नवा’ विषाणू किमान अर्धशतक माणसांत फिरत होता. उणे ८० अंशांचा फ्रीझर रात्री बंद पडला की अलार्म वाजतो आणि कुणाच्या तरी घरचा फोन खणखणतो. ती व्यक्ती अंथरुणातून उठून येते, रॅकवरचे डबे दुसऱ्या फ्रीझरमध्ये हलवते, यादी ताळून बघते आणि सकाळी नेहमीच्या वेळी कामावर हजर असते. ग्रँट संपलं म्हणून तिला काढलं की अलार्मच्या यादीतला नंबर तसाच राहतो आणि उचलणारं कुणी नसतं. एका विभागात असा फ्रीझर सुट्टीत वितळलेला मी पाहिला आहे. डब्यांवर नावं होती, तारखा होत्या, आत पाणी होतं.

आता आरएसव्हीची पुढची हकिकत, कारण सातत्य म्हणजे काय ते तिच्यात सगळ्यांत स्पष्ट दिसतं. १९५६ साली अमेरिकेत प्रयोगासाठी ठेवलेल्या चिंपांझींना सर्दी झाली आणि त्यांतून हा विषाणू पहिल्यांदा वेगळा काढला गेला. त्या चिंपांझींबरोबर काम करणाऱ्या एका व्यक्तीलाही श्वसनाचा त्रास झाला. लवकरच रॉबर्ट चॅनॉक यांना तोच विषाणू आजारी बाळांत सापडला. फॉर्मलिनने मारलेल्या विषाणूची लस १९६६ च्या सुमारास चाचणीत बाळांना दिली गेली. लस घेतलेल्या बाळांना पुढे खरा संसर्ग झाला तेव्हा आजार हलका होण्याऐवजी बळावला. अनेकांना रुग्णालयात ठेवावं लागलं, दोन बाळं दगावली. या धक्क्याने आरएसव्हीची लस कित्येक दशकं मागे पडली. तरी काही लोक या विषाणूला चिकटून राहिले. असं का झालं, हे शोधण्यात त्यांनी आयुष्यं घातली. त्यांतले एक बार्नी ग्रॅहॅम. ते व्हँडरबिल्ट विद्यापीठात आणि नंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत यावर काम करत राहिले. २०१३ साली त्यांनी, जेसन मॅक्लेलन यांनी आणि सहकाऱ्यांनी विषाणूच्या पृष्ठभागावरचं एफ प्रथिन, विषाणू पेशीच्या आवरणात मिसळण्यापूर्वी, कसं दिसतं ते उलगडलं आणि त्याच आकारात ते स्थिर धरून ठेवण्याची युक्ती दाखवली. हीच कल्पना पुढे कोरोनाविषाणूंच्या पृष्ठभागावरच्या काट्यासारख्या स्पाइक प्रथिनाला लावली गेली. २०१७ साली मर्स या आजाराच्या कोरोनाविषाणूच्या स्पाइकमध्ये दोन ठिकाणी प्रोलीन हे अमिनो आम्ल बसवून ते स्थिर करता येतं, हे प्रसिद्ध झालं.

जानेवारी २०२० मध्ये नव्या कोरोनाविषाणूचा जनुकीय क्रम हाती आला, तेव्हा काय बदलायचं हे आधीच माहीत होतं. मॉडर्ना, फायझर-बायोएनटेक, जॉन्सन अँड जॉन्सन आणि नोव्हाव्हॅक्स या चारही लसींत ती दोन प्रोलीन आहेत. फेब्रुवारीतच टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या प्रयोगशाळेने स्पाइकची रचना प्रसिद्ध केली. त्या निबंधावरची पहिली दोन नावं डॅनियल रॅप आणि नियनशुआंग वांग यांची. रॅप तेव्हा पीएचडी करत होते. वांग यांनी मर्सवरच्या त्या कामात हात घातलेले होते. लोक म्हणतात लस वर्षभरात झाली. त्या वर्षाच्या मागे १९६६ पासूनची माणसं उभी होती. आणि आरएसव्हीच्या स्वतःच्या लसी मान्य झाल्या त्या २०२३ साली.

मग साथ नसताना काय होतं तेही बघा. सार्स या दुसऱ्या कोरोनाविषाणूच्या आजाराची साथ २००३ साली आटोक्यात आली. तोवर सुमारे आठ हजार लोकांना लागण झाली होती, ७७४ मृत्यू झाले होते. काही काळ पैसा आला, माणसं घेतली गेली, आणि मग दोन्ही आटलं. ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातल्या पीटर होटेझ आणि मारिया एलेना बोटाझी यांच्या गटाने सार्सविरुद्धची एक लस तयार करून ठेवली होती. २०१६ च्या सुमारास ती माणसांवरच्या चाचणीसाठी तयार होती, पण निधी मिळाला नाही. मार्च २०२० मध्ये होटेझ यांनी हे अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर सांगितलं. याच्या उलट, उत्तर कॅरोलिना आणि व्हँडरबिल्ट या विद्यापीठांतल्या कोरोनाविषाणू प्रयोगशाळा त्या ओसाड वर्षांतही कशाबशा चालू राहिल्या. त्यांनी २०१७ सालीच रेमडेसिविर हे विषाणूरोधक औषध कोरोनाविषाणूंवर तपासून ठेवलं होतं, म्हणून २०२० मध्ये त्याची चाचणी लगेच सुरू करता आली.

आणि तरीही चक्र पुन्हा तसंच फिरलं. २०२५ मध्ये अमेरिकेने साथीचा काळ संपला असं कारण देत विषाणूरोधक औषधं शोधणाऱ्या विद्यापीठीय केंद्रांचा निधी मुदतीआधी थांबवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एमआरएनए लसींचे २२ प्रकल्प, जवळपास ५० कोटी डॉलरचे, गुंडाळायला घेतले. हे एका देशाचं झालं. पण आपण कुठल्याही देशात असा, आपल्या कागदपत्रांत हीच रीत छोट्या आकड्यांत सापडेल. साथ आली की सहा महिन्यांत निधी खर्च करायचा आग्रह, आणि साथ गेली की तीन महिन्यांच्या नोटिशीवर माणसं घरी. घेतलेली यंत्रं मात्र मालमत्तेच्या नोंदवहीत वर्षानुवर्षं राहतात. त्यांवरची धूळ कुणी पुसायची, एवढाच प्रश्न उरतो.

सुरक्षिततेबद्दल लोकांच्या मनात भीती आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. १९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी माणसाचा इन्फ्लुएंझा विषाणू फेरेट या प्राण्यात पहिल्यांदा वेगळा केला. कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगावर आधीपासून काम चालू होतं, म्हणून फेरेट तिथे तयारच होते. काही वर्षांनी आजारी फेरेट त्यांचे सहकारी चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस यांच्या तोंडावर शिंकला आणि त्यांना फ्लू झाला. तेव्हा ती नवलाची गोष्ट होती. सार्सनंतरच्या घटना नवलाच्या नव्हत्या. सप्टेंबर २००३ मध्ये सिंगापूरमध्ये दुसऱ्याच विषाणूवर काम करणाऱ्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याला नमुन्यातल्या भेसळीमुळे सार्स झाला. डिसेंबरमध्ये तैपेईत एका संशोधकाला झाला. २००४ मध्ये बीजिंगच्या संस्थेतून नऊ जणांना लागण झाली. विषाणू पूर्ण निष्क्रिय झाला आहे, असं धरून चालले होते, आणि तो तसा नव्हता. त्यांत एका विद्यार्थिनीची आई मरण पावली. मुलीची शुश्रूषा करत होती ती.

या घटना मी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगत असे. घाबरवण्यासाठी सांगत नव्हते. आपण बाहेर नेऊ ते आपल्या घरच्यांना लागेल, हे त्यांना पुरतं उमजावं एवढंच मनात असे. गाळण्या, दाबमापक, नियमावल्या सगळं हवंच. पण ‘हा नमुना निष्क्रिय झाल्याचा पुरावा कुठे आहे?’ असं प्राध्यापकांच्या तोंडावर विचारायला ज्येष्ठ तंत्रज्ञ लागतो, आणि ज्याचा करार पुढच्या महिन्यात त्याच प्राध्यापकांच्या सहीने वाढायचा आहे, त्याला तो प्रश्न विचारणं जड जातं. जैवसुरक्षेचं काम करणाऱ्याची नोकरी प्रकल्पप्रमुखाच्या मर्जीवर असूच नये. मला वाटतं, सगळ्या मागण्यांतली एकच मान्य होणार असेल तर ही व्हावी.

विद्यार्थ्यांचं आणि पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतर करारावर संशोधन करणाऱ्यांचं, दुखणं वेगळं आहे. त्यावर बरंच लिहिलं जातं, म्हणून मी थोडक्यात आवरते. रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्यांत तेच असतात. त्यांना एकट्याने धोक्याचं काम करायला लावू नका. घरी लहान मूल असलेल्या पोस्टडॉकला करार संपायच्या आदल्या आठवड्यापर्यंत टांगणीला ठेवू नका. आणि त्यांच्यावर बाहेरून होणाऱ्या हल्ल्यांकडे काणाडोळा करू नका. ‘नेचर’ने २०२१ मध्ये कोविडवर जाहीरपणे बोललेल्या ३२१ शास्त्रज्ञांना विचारलं, तेव्हा १५ टक्के जणांनी जिवे मारण्याच्या धमक्या आल्याचं सांगितलं. प्रसिद्ध प्राध्यापकाच्या पाठीशी निदान विद्यापीठाचा जनसंपर्क विभाग असतो. प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर फोटो आणि ईमेल असलेल्या संशोधन साहाय्यक मुलीला जेव्हा शिव्यांचे मेल येतात, तेव्हा तिने कुणाकडे जायचं? ठरावीक माणूस, ठरावीक फोन नंबर असायला हवा. तो मेल तिला एकटीला वाचावा लागू नये.

माझ्या मागणीवर आक्षेप येतील, आणि ते पोकळ नाहीत. कायम पदं निर्माण केली तर नव्यांना जागा कमी उरेल, विषय बदलला तर जुनी माणसं अडगळ होतील, असं मला एका अधिष्ठात्यांनीच सांगितलं होतं. पण विषाणू संशोधनात विषय बदलला तरी हात तेच लागतात. एमडीसीके पेशी सांभाळणारी व्यक्ती दोन आठवड्यांत व्हेरो या माकडाच्या मूत्रपिंडापासूनच्या पेशी सांभाळू लागते, आणि इन्फ्लुएंझाचा प्लाक मोजणारा कोरोनाचाही मोजतो. २०२० मध्ये कोविडचं काम ज्यांनी रातोरात उचललं, त्यांतले कितीतरी जण आदल्या वर्षापर्यंत फ्लू नाहीतर आरएसव्ही बघत होते.

दुसरा आक्षेप यंत्रांचा. आता जनुकीय क्रम काही तासांत मिळतो, रोबो पिपेट धरतो, मग इतकी माणसं कशाला? जनुकीय क्रम विषाणूची अक्षरं सांगतो. तो प्रतिपिंडांना चुकवतो का, श्वासनलिकेत टिकतो का, याचा अंदाज अक्षरांवरून बांधता येतो, खात्री पेशींत वाढवूनच होते. जागतिक आरोग्य संघटनेचं इन्फ्लुएंझावर नजर ठेवणारं जाळं १९५२ पासून आहे. लशीत कुठले विषाणू घ्यायचे हे वर्षातून दोनदा ठरतं, आणि त्यामागे जगभरच्या प्रयोगशाळांतल्या तंत्रज्ञांनी वाढवलेले विषाणू असतात. साधारण २०१४ पासून एच३एन२ या फ्लूच्या प्रकाराचे बरेच विषाणू रक्तातल्या तांबड्या पेशींना नेहमीसारखे चिकटेनासे झाले, आणि त्या चिकटण्यावरच बेतलेली, कित्येक दशकं चालत आलेली चाचणी त्यांच्यावर चालेना. तेव्हा अनुभवी लोकांनी दुसऱ्या पद्धती बसवल्या. यंत्र बिघाडाचा लाल दिवा दाखवतं. बिघाड यंत्रात नसून विषाणूच बदलला आहे, हे माणूस ओळखतो. रोबो जरूर घ्या, त्याने मनगटं वाचतील. पिपेट धरून धरून माझा अंगठा आजही दुखतो.

पैशांचं काय, हा प्रश्न शेवटी येणारच. प्रत्येक ग्रँटमधून विद्यापीठ व्यवस्थापन खर्चाचा हिस्सा घेतं. त्यातला एक ठरावीक भाग दोन ग्रँटमधल्या मोकळ्या महिन्यांचा पगार देण्यासाठी बाजूला ठेवावा. निधी देणाऱ्या संस्थांनी ‘मनुष्यबळ’ या रकान्यात तंत्रज्ञांना साहित्यासारखं मोजणं सोडावं आणि प्रयोगशाळेच्या गाभ्यातल्या माणसांसाठी दहा-दहा वर्षांचा वेगळा निधी द्यावा. तंत्रज्ञांना बढतीची शिडी असावी. आज लागलेला तंत्रज्ञ निवृत्त होतानाही त्याच पदनामावर असतो, मग हुशार माणूस थांबेल कशाला? ज्याने पद्धत बसवली, त्याचं नाव लेखकांत यावं, आभारात नव्हे. आणि अनुभवी माणूस जाण्याआधी त्याच्या जागी येणारा किमान वर्षभर त्याच्या शेजारी बसलेला असावा. माझ्या जागी येणारी मुलगी मी गेल्यानंतर आली. तिने मला फोन करून विचारलेल्या गोष्टी मी बाकाशेजारी उभी राहून दाखवल्या असत्या तर तिचे कित्येक महिने वाचले असते. ती गुणी होती. तिचाही करार संपला.

आपल्याला माझी विनंती आहे की हे पत्र एखाद्या समितीकडे सोपवण्यापूर्वी आपल्या विद्यापीठातल्या विषाणू प्रयोगशाळेत स्वतः जावं. प्राध्यापकांच्या खोलीत बसू नये. पेशींच्या खोलीत जावं आणि तिथे जे कुणी असेल त्यांना विचारावं: इथलं कुठलं काम फक्त एकाच व्यक्तीला येतं, ती व्यक्ती कोण, आणि तिचा करार कधी संपतो? तारखांसह ती यादी करायला एक दुपार पुरेल. ज्यांची मुदत या वर्षात संपते आहे, त्यांच्या पदांचा ठराव येत्या अर्थसंकल्पाच्या बैठकीत मांडावा.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ